जावयाला न दाखवलेला कागद

मी, इर्मा फोडोर, वय एकोणऐंशी, राहणार टोलेडो, ओहायो, पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दडपणाखाली न येता हे लिहिते. आधीची तिन्ही मृत्युपत्रे रद्द. कोणी याआधीचे आणखी एखादे दाखवले तर ते खोटे समजावे.

१. माझे राहते छोटे घर मुलगी पॉलिनला. चाव्या शेजारच्या गसकडे मागू नयेत. त्याच्याकडे एक असावी असा मला संशय आहे.

२. सोफे मढवण्याची माझी हत्यारे, म्हणजे दोन चुंबकी हातोड्या, वाकड्या सुया आणि शिवणयंत्र, हाताखाली शिकलेल्या रोझाला. तिने ती उसनी देऊ नयेत. परत येत नाहीत.

३. माझ्या सोफ्यांच्या दुकानाची इमारत कोणालाच नाही, कारण कर्ज थकल्यावर ती बँकेने घेतली. मी दिवाळे जाहीर केले, कोर्टाने उरलेले कर्ज माफ केले. पुढच्या जानेवारीत बँकेचे दोन कागद आले. एकात इमारत ताब्यात घेतल्याची नोंद, दुसऱ्यात माफ झालेले कर्ज जणू माझी कमाईच! मला वाटले, कोर्टात हरलेली बँक आता मागच्या दाराने येते आहे.

तेव्हा जावई एल्डनचा लोकांची करपत्रके भरून देण्याचा धंदा होता; माझेही तोच भरत असे. त्याने विचारले, "मॉम, बँकेकडून काही आलंय का? असेल तर द्या. दिवाळ्यातल्या माफीवर कर लागत नाही, पण एक फॉर्म जोडावा लागतो."

"काही नाही आलं," मी म्हणाले. लिफाफा माझ्या एप्रनच्या खिशात होता. याला माझ्या कागदांत एवढा रस कशाला, हेच डोक्यात.

फॉर्म जोडला गेला नाही. कर खात्याची मोठी मागणी आली. चर्चच्या सभागृहात सूपसाठी नूडल्स कापणाऱ्या बायकांसमोर मी म्हणाले, "जावयानं मला बुडवलं. त्याला काही येत नाही!" पुढे वाचनालयातल्या मोफत मदतकेंद्रात तोच फॉर्म भरला, कोर्टाचा हुकूम जोडला आणि मागणी रद्द झाली. ही गोष्ट मात्र मी नूडल्सच्या टेबलावर सांगितली नाही.

एल्डनची गिऱ्हाइके तुटली. त्याने ऑफिसातले टेबलही विकले. आता तो शाळेची बस चालवतो. पॉलिन नाताळला येते, कोट न काढता बसते. चूक एल्डनची नव्हती. कागद मी लपवला. मला याची लाज वाटते, आणि ती सात वर्षे वाटते आहे.

४. बँकेतली शिल्लक एल्डनला, एकट्याच्या नावावर. पॉलिनने रुसू नये.

वकील मिस रेन्फ्रो हे वाचून म्हणाल्या, "इर्मा, मृत्युपत्र तुम्ही गेल्यावर उघडणार. तोवर त्याचं नाव खराबच राहणार ना?"

"मग तोपर्यंत तुम्ही गप्प बसा," मी म्हणाले. त्यांनी कलम तीनचा कागद माझ्याकडे फिरवून ठेवला. मी तो पुन्हा वाचला.

५. म्हणून कलम तीनची सही केलेली प्रत आजच्या टपालाने एल्डनला जाईल. ती त्याने मी जिवंत असतानाच हव्या त्या टेबलावर वाचावी. मी समोर बसेन.

सही: इर्मा फोडोर
साक्षीदार: १. लिओना रेन्फ्रो २. मार्टिन साबो, टपाल कर्मचारी (पाकीट यांच्याच हाती दिले, पावती घेतली)
टोलेडो, १४ मार्च २०१९