आठ घरं आणि एक माणूस

ओतूर,
गुरुवार, सकाळी

तीर्थस्वरूप धोंडाआक्काला धाकट्या हौशीरामाचा दंडवत. गुडघा काय म्हणतोय? म्हैस व्याली का? लोणीला औंदा थंडी लई पडलीय असं स्टँडवर एका पावण्यानं सांगितलं, तर कानाला बांधत जा. इकडं मी खुशाल आहे. (खुशाल असं लिहावंच लागतं. पुढं वाचलंस की कळेल.) फोनच केला असता, पण मी ओरडून बोललो की तू फोन कानापासून लांब धरतेस, मग तर काहीच ऐकू येत नाही. म्हणून हे पत्र. नातीकडून वाचून घे, पण सुनांच्या देखत नको.

आमची कॉलनी तू पाहिलीच आहेस. आठ बंगले, बांधताना काय तो थाट, वास्तुशांतीला बुंदीचे डोंगर! आता सातांना कुलपं. कुणी चाकणला, कुणी पुण्याला, एक तर थेट दुबईला. उरलो मी. दिवाळीनंतर या बंद घरांच्या काचा फुटायला लागल्या. मग नळाच्या तोट्या गेल्या. भरतच्या गेटवरची पाटी गेली (तिच्यावर त्याच्या सगळ्या डिग्र्या होत्या, चोराला त्यांचा काय उपयोग देव जाणे). सोमनाथच्या नव्या रंगाच्या भिंतीवर कोळशानं जे काढलं ते तुला लिहिता येणार नाही. मग पोलीस ठाण्यातल्या वैष्णवीताई येऊन सांगून गेल्या, "काका, घर बंद हाय असं वाटूच देऊ नका. दिवा लावा, दारात चपला ठेवा, दोरीवर कपडे टाका. माणूस दिसला की चोर फिरकत न्हाई." झालं! सातही मालकांनी मोबाइलच्या ग्रुपवर मला सुरक्षाप्रमुख नेमलं, अंगठे दाखवले आणि किल्ल्या पाठवून दिल्या. माझ्या सुदर्शननं मात्र पुण्याहून बजावलं, "नाना, एक जरी भानगड झाली तर घराला कुलूप लावायचं आन् हिकडं यायचं. मग मी ऐकणार नाय." पुणं म्हणजे बाराव्या मजल्यावरचा फ्लॅट, आक्का. सकाळी आठला सगळी आपापल्या कामाला, आणि मी खाली फिरून आलो की वॉचमन रोज विचारायचा, "कुणाकडं?" चार महिने विचारलं त्यानं. शेवटी शेवटी मलाच उत्तर सुचेना. म्हणून मी परत आलो होतो, आणि आता काही झालं तरी तिकडं जायचं नाही.

मी पडलो एसटीतला जुना कंट्रोलर. काम म्हटलं की आधी वेळापत्रक. सहा दहाला भरतकडं दिवा, सहा वीसला सोमनाथकडं, सहा पस्तीसला नवनाथकडं दिवा आणि टीव्ही. (तिथं हिंदी मालिका लागते. पहिल्या दिवशी नुसती लावली, दुसऱ्या दिवशी जरा टेकलो, आता त्यातल्या सासूचा मला इतका राग येतो की एकदा रिमोट फेकला.) घरातली होती नव्हती तेवढी पायताणं सात दारांत वाटली. त्यातलं एक कुत्र्यानं नेलं, तेव्हापासून भरतच्या दारात एका पायाचा माणूस राहतो. दोऱ्यांवर माझे सदरे, आणि कमी पडले तेव्हा प्रतिभाच्या साड्या. तुझी भावजय जाऊन अडीच वर्षं झाली, साड्या कपाटात घडी करून तशाच होत्या. म्हटलं, बाईमाणूस दिसलं की घर भरल्यासारखं वाटतं. ते इतकं भरलेलं वाटलं की संक्रांतीला दोन बाया हळदीकुंकवाचं बोलावणं घेऊन नवनाथच्या दारात आल्या. आत मी बनियनवर, सासूला शिव्या देतोय. बाया उंबऱ्यावरूनच पळाल्या.

हसू नकोस. एका संध्याकाळी कोपऱ्यावरून वळलो तर प्रतिभाची अंजिरी साडी दोरीवर हलत होती. मी आपला सवयीनं बोलून गेलो, "अगं, कपडे काढ, दव पडंल." मग तिथंच उभा राहिलो. रडलो, आक्का. खोटं कशाला सांगू?

आता मुख्य गोष्ट. सोमवारी साडेसातला फेरी संपवून घरी येतो तर माझंच कुलूप तुटलेलं! सात घरांत दिवे, सात दारांत चपला, सात दोऱ्यांवर कपडे. आठव्यात अंधार, दार रिकामं, दोरी रिकामी. चोरानं बरोबर बंद घर हेरलं. मिक्सर गेला, तांब्याचा बंब गेला. ताटाखाली झाकलेलं पिठलं-भाकरी बसून खाऊन गेला मेला. (एवढं मात्र खरं, अडीच वर्षांत माझ्या हातचं दुसरं कुणी पहिल्यांदाच खाल्लं. कांदाही फोडून घेतला होता, म्हणजे आवडलं असावं.)

वैष्णवीताई पंचनाम्याला आल्या. म्हणाल्या, "काका, दोन पंच लागतील. एवढे दिवे दिसत्यात, घ्या की बोलावून कुणालातरी." मी खिशातून सात घरांच्या किल्ल्या काढून त्यांच्यापुढं ठेवल्या. त्यांनी पुन्हा विचारलं. तेव्हा म्हणालो, "ताई, ती समदी मीच हाय." बाई बिचारी लिहायची थांबली. शेवटी रतीब घालणारा गेणभाऊ आणि बेल्ह्याच्या बाजारातून शेळ्या घेऊन चाललेला, रस्ता विचारायला थांबलेला एक टेंपोवाला, असे दोन पंच झाले. टेंपोवाला सही करताना म्हणाला, "लई नांदती गल्ली हाय राव तुमची." मी मान हलवली.

बाकी सर्व ठीक. पोराबाळांना आशीर्वाद.

तुझा,
हौशा

ता. क. : लोणीहून कुणी येणार असेल तर तुझी तीन-चार जुनी लुगडी पाठव. आता माझ्याही दोरीवर काहीतरी टाकायला हवं.

ता. क. २ : लुगड्यांचं राहू दे. सुदर्शनला चोरीचं कळलंय. रविवारी तो गाडी घेऊन मला न्यायला येतोय. मी त्याला ठोकून दिलंय की आता माझी आक्का इथं कायमची राहायला येणार, घर एकटं नाही. तेव्हा शनिवारपर्यंत ये, निदान तो परत जाईपर्यंत तरी बस. (पोस्टानं उशीर होईल, म्हणून हे पत्र आजच लोणीच्या एसटीतल्या ओळखीच्या कंडक्टरच्या हाती देतोय.)

ता. क. ३ : तेवढ्यापुरती येऊ नकोस. राहायलाच ये. तू मिठावरून बोलशील, मी उलटून बोलीन, दोन दिवसांत आपलं कडाक्याचं वाजेल, ते मला ठाऊक आहे. वाजू दे. सगळ्या कॉलनीला ऐकू जाईल असं भांड माझ्याशी. भांडणाचा आवाज येतो त्या घरात चोर शिरत नाही, आक्का.