सिनेमातलं दार

४ मार्च

थोरल्याच्या कादंबरीवर सिनेमा निघालाय. निघणारच होता. घराघरांत ते पुस्तक लोकांच्या उशाशी असतं. संसार सोडून निघालेल्या माणसाला शांती कशी सापडली, त्याची गोष्ट. मागे राहिलेल्या संसाराचं काय झालं, ते त्यात नाही. ते माझ्याकडे आहे — आई, शिलाई मशीन दुरुस्तीचं दुकान आणि गळकं छप्पर.

आज एक गिऱ्हाईक मजुरीवरून घासाघीस करत म्हणालं, सोडा की थोडं, तुमच्या दादांनीच लिहिलंय ना — सोडल्याशिवाय सापडत नाही. म्हटलं, मग मशीन इथेच सोडून जा, बघा काय सापडतं ते.

७ मार्च

हिने फोनवर सिनेमाची झलक दाखवली. नट थोरल्यापेक्षा देखणा. आईचं काम करणारी बाई मशीनवर बसलीय आणि चाक पलीकडे फिरवतेय! चाक आपल्याकडे फिरवायचं असतं. उलटं फिरवलं की दोरा गुंततो, तुटतो. मशीनं उघडून, बिघडवून, पुन्हा जोडून स्वतः शिकलोय मी. विचारलं असतं तर फुकट सांगितलं असतं.

पण ते जाऊ दे. पुढे ती आई दाराची कडी काढते, मुलाच्या हातात शिदोरी देते आणि म्हणते, जा.

धादांत खोटं! आई झोपली होती. दुपारची वेळ. मी शाळेतून आलो तेव्हा दार सताड उघडं आणि आई उंबऱ्यात बसलेली. म्हणाली, जरा डोळा लागला आणि तो गेला. पुस्तकातही तो नुसता उंबरा ओलांडतो. आईचा उल्लेख नाही.

त्याच महिन्यात माझी शाळा सुटली. बाबा गेल्यापासून बंद असलेलं दुकान मी उघडलं.

८ मार्च

दिग्दर्शकाला फोन लावला. आवाज मधात बुडवून काढलेला. म्हणे, तो प्रसंग लेखकांनीच सांगितला. मी विचारलं, धाकटा भाऊ कुठाय? तर म्हणाला, "लांबी वाढत होती हो, काढावा लागला."

पुस्तकात मी दीड पानभर होतो. तेही गेलं.

९ मार्च

थोरल्याला फोन केला. कित्येक वर्षांनी. नको नको ते बोललो. पळून गेलास ते गेलास, वर आईनेच पाठवलं म्हणून जगाला सांगतोस?

तो म्हणाला, "आईला विचार."

काय विचारू? ती दुपार तिला पुन्हा भोगायला लावू? चोराच्या उलट्या बोंबा!

१२ मार्च

पहिल्या खेळाची तिकिटं आली. फाडणार होतो. हिने हातातून काढून घेतली.

१४ मार्च

आईला न्यायचं नाही, असं बजावलं. ही म्हणाली, अहो, त्यांना जायचंय, तुम्ही कोण अडवणार?

मी कोण! तेहतीस वर्षं तिचं दुखलंखुपलं बघणारा मी कोण! हिच्याशी कडाक्याचं भांडलो. पलीकडच्या खोलीत आईने सगळं ऐकलं असणार. थोड्या वेळाने पाहिलं तर चांगल्या चपला पुसून दाराशी ठेवलेल्या.

१६ मार्च

गेलो. तिथे तिला त्रास झाला तर जवळ कोणी नको?

अख्खं थिएटर मुसमुसत होतं. आई कोरडी. दाराचा प्रसंग आला तेव्हा मी तिचा हात धरला. तर तीच माझा हात थोपटत राहिली, जसा काही धीर मलाच हवा होता.

बाहेर आल्यावर म्हटलं, उद्याच वकील गाठतो, हा प्रसंग कापायला लावतो. ती चालता चालता थांबली.

"शिदोरी खोटी आहे, धाकट्या. तेवढी काढायला सांग. कडी मीच काढली होती."

ही पुढे टॅक्सी थांबवत होती.

१७ मार्च

दुकान उघडलं नाही.

सकाळी विचारलं, मग झोपले होते असं मला का सांगितलंस? ती भाजी निवडत होती. मान वर केली नाही.

"कडी निघते हे कळलं असतं, तर तूही गेला असतास."

गेलो असतो.