आग्नेयेची विहीर

१५ जानेवारी १९५८

हलकट! दुसरा शब्द नाही. हातावर तिळगूळ ठेवला आणि त्याच तोंडाने खोल्या रिकाम्या करायला सांगितल्या. आमचे घरमालक, तुळशीराम. ‘अक्षय्यतृतीयेला धाकट्याचं लग्न काढलंय, वहिनी. त्याच्या आत तेवढं बघा.’ तेवढं! अठरा वर्षांचा संसार म्हणजे तेवढं!

हे म्हणाले, ‘बघतो की.’ भाताच्या गिरणीत शेठजींपुढे डोलावून डोलावून मानेला सवयच झालीय. भाडेकरूंसाठी कायदा आहे म्हणतात. असेल. कोर्टात जायला आधी छाती लागते.

२१ जानेवारी

सोनाबाई घर विकते आहे!

पाण्याला गेले तेव्हा तिनेच सांगितलं. तुळशीरामच्या विहिरीचं पाणी मचूळ, त्यात डाळ शिजत नाही, म्हणून मी इतकी वर्षं पिण्याची कळशी तळ्यामागच्या तिच्या विहिरीवरून आणते. तिचा नवरा काशीराम मिठागरवाला. मिठाच्या पैशातून त्याने ते घर उभं केलं आणि चार वर्षांपूर्वी तापाने गेला. मुलगा नाही. आता ही आपट्याला लेकीकडे जाऊन राहणार. पाच हजार मागते.

घर काही मोठं नाही. ओटी, माजघर, स्वयंपाकघर, मागे पडवी. पण स्वयंपाकघराच्या दारातून हात लांब केला की विहीर! रहाटाचा आवाज चुलीपाशी ऐकू येतो. परत येताना कळशी जड लागली नाही.

२२ जानेवारी

हिशेब केला. माझ्या पाटल्या धरून साडेतीन. पुढे एक पैसा नाही. ‘घर पाहावं बांधून’ म्हणणाऱ्याने आधी पैसे पाहिले असणार.

२ फेब्रुवारी

पेणहून एक मास्तर घर बघून गेले. बायको बरोबर होती. ती स्वयंपाकघरात दोनदा शिरली. मी कळशी घेऊन उभी होते, मला वाटलं तिचे पाय धरून बाहेर काढावी. दोन दिवसांत इसार घेऊन येतो म्हणाले. म्हणजे संपलंच.

४ फेब्रुवारी

मास्तर आलेच नाहीत.

५ फेब्रुवारी

का आले नाहीत ते कळलं. हे रात्री जेवताना हसत होते. परवा गिरणीत जाताना दाढीला बसले, आणि जगन न्हाव्याच्या दुकानात सगळ्यांच्या देखत म्हणाले, ‘घर झकास आहे हो, पण विहीर आग्नेयेला. शास्त्रात स्पष्ट आहे, अशा घरात घरधनी टिकत नाही. काशीरामचं काय झालं बघा ना!’ ब्राह्मणाच्या तोंडचं शास्त्र! संध्याकाळपर्यंत पनवेलभर झालं. मास्तर बाजारातूनच परत फिरले.

‘नाक दाबलं की तोंड उघडतं,’ हे म्हणाले. ‘महिनाभरात साडेतीनला येईल बघ.’

शास्त्राचं पान तरी कधी उघडलंय ह्यांनी? मी म्हटलं, ‘विधवा बाई आहे हो.’ म्हणाले, ‘मग तुळशीरामच्या दारात बसायचं का पोतडी घेऊन?’ मी ताटं उचलली. पुढचं इथेच लिहिते, कारण दुसरीकडे कुठे बोलणार? मला बरंही वाटलं. लाज वाटली, आणि बरंही वाटलं.

१२ फेब्रुवारी

विहिरीवर कुणी नव्हतं. कासाराची सून, वाण्याची बायको, कुणी नाही. बायका मचूळ पाणी पितात, पण तिथे येत नाहीत. हेसुद्धा एकदा म्हणाले, ‘पाणी तिथूनच आणतेस ना अजून?’ आणि त्याच पाण्याचा चहा प्यायले.

४ मार्च

सोनाबाई ओटीवर सुकट निवडत बसली होती. मला म्हणाली, ‘बाय, विहीर तितं खणाला मीच लावली व्हती. त्यांना परसात पायजे व्हती. मी बोलले, मना चुलीपाशी द्या, लांबून कोन आनील?’ मग म्हणाली, ‘आता लोक बोलतात, मीच खाल्ला त्यांना. तुमी शिकलेल्या. तुमाला काय वाटतं? बाधते का विहीर?’

आणि माझ्या तोंडाकडे बघत राहिली. रडत नव्हती. नुसती बघत होती.

मी काय म्हणाले? ‘लोकांचं काय, लोक काहीतरी बोलतात.’ एवढंच! जिभेला कुलूप पडलं होतं का माझ्या? खरं सांगितलं असतं तर ह्यांचं नाव आलं असतं, आणि घर गेलं असतं. तिने ते मनाला लावून घेतलंय. रात्र रात्र जागत असेल. तापाने मेलेल्या नवऱ्याचं पाप आम्ही तिच्या पदरात बांधलं!

ह्यांना सांगितलं. म्हणाले, ‘छान! आता फार ओढायची नाही ती.’

असल्या माणसाच्या नावाचं कुंकू लावते मी रोज.

२१ मार्च. पाडवा

मुहूर्ताचा दिवस म्हणून मलाच पाठवलं. ‘तुझं ऐकेल ती.’ कनवटीला शंभराचा इसार. मी म्हटलं, ‘सोनाबाई, साडेतीन देतो. आम्हाला द्या.’

तिने आधी मला पाणी दिलं. मग ‘आनखी काय सांगाचं हाय का, बाय?’ म्हणाली. मला वाटलं, भाव वाढवते आहे. ‘नाही हो, एवढेच आहेत,’ म्हटलं.

तेव्हा म्हणाली, ‘तुमाला नाय द्याची.’

का?

‘घरधनी टिकत नाय त्या घरात. तुमचे मालक जित्ते हायेत. तुमचं कुंकू जाईल असं घर मी तुमाला कशी देव? समदा गाव पानी टाकून गेला, तुमी एकल्या येत राहिल्याव. तुमाला नाय देनार, बाय. दुसरं कोनी बी घेव.’

मी शंभराची नोट परत घेऊन आले. हसावं की भिंतीवर डोकं आपटावं! आम्हीच पेरलं, आम्हालाच फळलं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. खोटं आहे म्हणून सांगायला तोंड कुठे होतं? खोटं आहे हे मला कसं ठाऊक, हे तिने विचारलंच असतं.

२९ मार्च

घर गेलं. लाकडाच्या वखारीवाल्या दयारामशेठने घेतलं. तीन हजार! आमच्यापेक्षा पाचशे कमी! घर पाडून तिथे वखार करणार आहे. कुणी विहिरीचं काढलं तर खो खो हसला म्हणे. ‘ओंडक्यांना कसली आलीय आग्नेय?’

सगळ्या गावात अक्कल असलेला माणूस हा एकटाच, आणि तो घर पाडणार.

६ एप्रिल

ह्यांना चार दिवस ताप. आज उतरला. उठून बसले, काढा प्यायले आणि काय म्हणाले असतील? ‘बरंच झालं घेतलं नाही ते. नुसता विषय काढला तर मला ताप भरला. राहायला गेलो असतो तर?’

थट्टा करत असतील म्हणून वाट पाहिली. छे! स्वतःचीच थाप ह्यांना पटली आहे. ‘मी उगाच नव्हतो बोलत,’ म्हणाले वर.

काढ्याचं भांडं मी जरा जोरातच आपटलं.

१४ एप्रिल

बंदराकडे दोन खोल्या मिळाल्या. पत्र्याच्या. भाडं दुप्पट, नळ नाही, सुक्या मासळीचा वास भिंतीत मुरलेला. सामान अर्धं हलवलं. तुळशीरामची बायको खिळे मोजून घेत होती. घ्या! भिंतीसकट घ्या!

१७ एप्रिल

सोनाबाई उद्या आपट्याला जाते. तिला काहीही करून सांगणार. घर तर गेलंच, आता कशाला भ्यायचं? निदान नवऱ्याला खाल्ल्याचं ओझं घेऊन जाऊ नये तिने. ह्यांना विचारणार नाही.

१८ एप्रिल

सांगितलं. गाडी जुंपलेली होती, तिथे उभी राहून सगळं सांगितलं. आमच्या ह्यांनीच उठवलं, तुमचा काही दोष नाही, म्हटलं.

सोनाबाईने गाठोडं गाडीत सारलं. म्हणाली, ‘ठाव हाय, बाय. जगननं दुसऱ्याच दिशी येवून सांगितलं मना. तुमी कवा सांगताव तीच वाट बगत व्हते. दोनदा इचारलं. पाडव्याला सांगितलं असतं ना, तर तुमालाच दिलं असतं, साडेतीनाला.’