एक मिनिट बारा सेकंद

७ जानेवारी २०२५, मंगळवार

पुन्हा १:१२!

गावच्या वाचनालयाचं वेब पान मीच बनवलं. सोळा बायांच्या जात्यावरच्या ओव्या आहेत त्यावर. कोण किती ऐकतं ते कळावं म्हणून स्क्रिप्ट लिहिली — चालू केलं, थांबवलं, मागं सरकवलं की सेकंदासकट नोंद. आज मनकर्णाबाईंच्या ओवीवर एकोणतीस नोंदी. सगळ्या एकाच फोनवरून. १:३१ पर्यंत ऐकतो आणि परत १:१२ वर. पुन्हा. पुन्हा! माझंच काहीतरी चुकलंय.

८ जानेवारी

कोड दोनदा तपासला. चूक सापडत नाही. कोडिंग क्लासमधल्या मित्राला, संघर्षला, पुण्याला फोन केला. तो म्हणाला, "बॉट असन वं, आपोआप चालनारा प्रोग्राम." पण बॉट रोज दुपारी दोनलाच काऊन येईल? आणि नेमकं तेवढंच काऊन ऐकेल?

१० जानेवारी

मी नुसते आकडे बघत होते. आज कान देऊन ऐकलं.

१:१२ ला ओवी तुटते. मनकर्णाबाई म्हणतात, "हे माह्या छकुलीले लई आवडे. आयकल्याबिगर झोपेच ना पोरगी." मग १:३१ ला पुढची ओवी.

छकुली! नऊ वर्षांपूर्वी मनानं लग्न करून सुरतला गेली. तिच्या बाबांनी, गुलाबरावांनी, घरात तिचं नाव घेणंच बंद केलं. तिचा पत्ता नाही, फोन नाही.

ती ऐकत असेल? फोन कुणाचा हे माझ्या नोंदीत नाही. तसं ठेवलंच नाही मी. मग मनकर्णाबाईंना सांगू तरी काय?

११ जानेवारी

सांगितलं. सांगायला नको होतं!

त्या कापूस वेचत होत्या. माझा हातच धरला. "तेच हाय. माही छकुलीच हाय."

"काकू, नक्की नाही."

"तुह्या त्या पानातून मले तिच्याशी बोलता येते का?"

नाही कसं म्हणणार? तिथंच, वावरात रेकॉर्ड केलं. "छकुली, माय, घरी ये. तुह्या बाबाले मी समजावीन." एवढंच बोलल्या. संध्याकाळी ओवीच्या खाली चढवलं.

१२ जानेवारी

दोन वाजता तोच फोन. नवं रेकॉर्डिंग शेवटपर्यंत ऐकलं. एकदाच. मग काही नाही. ओवीसुद्धा नाही.

घाबरली का? रागावली? मनकर्णाबाई तीनदा येऊन विचारून गेल्या. मी काय करून बसले हे!

१३ जानेवारी

सकाळी दारात गुलाबराव. हातातल्या फोनवर माझंच पान उघडलेलं.

"पोरी, ते आयकणारा मीच होतो."

त्यांनी खिशातून घड्या पडलेली चिठ्ठी काढली. "छकुली जातानी नंबर लिहून गेलती. मनकर्णाले दाखवलाच नाही मी. तू लाव."

लावला. रिंग जायला लागली तसा त्यांनी फोन माझ्या हातातून घेतला.