दोन्ही हातांना चालणारा माउस

आई, परवा मी लॅपटॉपसाठी माउस आणला. तू हे पाहिलेलं नाहीस म्हणून सांगते, तळहाताखाली मावेल एवढी वस्तू असते, ती टेबलावर सरकवली की पडद्यावरचा बाण सरकतो. मी सांगलीत एका इंजिनिअरकडं घरांचे नकाशे काढते. भिंत कुठं, दार कुठं, जिना कुठून चढवायचा, सगळं त्या बाणानं. दिवाळीनंतर माझ्या मेंदूत गुठळी झाली आणि उजवा हात गेला. पुरता नाही, पण मेल्यात जमा. होय, तुझाच आजार. तुझ्या पाटल्या मिळाल्या असत्या तर बरं झालं असतं, त्या गेल्या काकीकडं आणि हे आलं माझ्या वाट्याला!

साहेब वाईट नाहीत. लॅपटॉप घरी पाठवला, "सावकाश करा" म्हणाले. पण सोबत एका बंगल्याचं काम दिलंय. ते जमलं तर नोकरी, नाहीतर राम राम, हे दोघांनाही न बोलता कळलंय. लॅपटॉपवर बोट फिरवायची पट्टी असते, तिच्यावर डाव्या बोटानं रेघ ओढली की भिंत पार शेजाऱ्याच्या अंगणात जाते. म्हणून लेकीला घेऊन दुकानात गेले. दुकानदारानं पुढं टाकलेले बहुतेक माउस उजव्या हाताच्या मापानं वळवलेले, अंगठ्याला खोबण, आत लाल-निळे दिवे. डावा हात ठेवला की उलट्या पायात चप्पल घातल्यासारखं वाटायचं. "काकी, ह्यो घ्या, लय भारी हाय. पोरं गेम खेळत्यात ह्यावर." म्हटलं, "मला रोषणाई नको. दोन्ही बाजूंनी सारखा दाखवा, साधा, मध्ये चाक असलेला. आणि वायरचाच द्या, बॅटरी बदलायला दोन हात लागतात." तो म्हणाला, "डावखुऱ्या हायसा व्हय?" मी म्हटलं, "आता व्हायचं म्हणते." तो हसला. लेक हसली नाही. मग खालच्या कप्प्यातून त्यानं एक काळा, अगदी बिनचेहऱ्याचा माउस काढला. तो हातात बसला, घेतला.

येताना रिक्षात तुझी आठवण आली आणि खरं सांगते, रागच आला. कोरेगावच्या त्या स्वयंपाकघरात तू चुलीपुढं बसली आहेस, उजवा हात मांडीवर पडलेला, आणि डाव्या हातानं भाकरी थापायचं शिकते आहेस. साताऱ्याच्या डॉक्टरांनीच सांगितलं होतं, सगळं डाव्या हातानं करा. घरच्यांनी माना डोलावल्या. पण तू भाकरी ताटात टाकलीस तशी आजी दारातूनच ओरडली, "आगं, डाव्या हातानं वाढतीस व्हय? माणसं जेवायला बसल्यात!" आजीचं मी समजू शकते, तिची हयात त्यातच गेली. दादा मान खाली घालून जेवत राहिले. सीमेवर पहारा देणारा तुझा नवरा, पण स्वतःच्या आईपुढं त्यांच्या तोंडातून शब्द फुटला नाही. त्या दिवसापासून तू वाढणं सोडलंस. तेवढ्यावर थांबली असतीस तरी चाललं असतं गं!

तू जेवणंच सोडलंस. डाव्या हातानं उजवं मनगट धरायचीस, दोन्ही हात मिळून तो घास तोंडाशी न्यायचीस आणि अर्धा मांडीवर. पदरानं पुसायचीस, ताट सरकवायचीस. मी चमचा आणला तर, "चमचा बी डाव्यातच धरायचा न्हवं? त्यो हात कशाकशाला लावायचा असतोय. त्यानं घास कसा उचलू?" मी भरवायला बसले की म्हणायचीस, "शाळंला उशीर हुईल तुला, जा." जग म्हणालं, अंगावरून वारं गेलं आणि बाई संपली. वाऱ्यानं नाही गेलीस तू, आई. भुकेनं गेलीस, आणि घरात धान्याला तोटा नव्हता.

लेकीनं लॅपटॉपमध्ये जाऊन माउसची बटणं बदलून दिली, उजवीकडचं काम डावीकडं. काल पहिल्या भिंतीला सगळी सकाळ गेली. दुपारपर्यंत दार बसलं, मग स्वयंपाकघर, ओटा, खिडकी. साहेबांना फोटो पाठवला. "उत्तम, पुढचंही काम देतो," असं उत्तर आलं. लेक नाचलीच. मलाही बरं वाटलं, खोटं कशाला बोलू?

पुढचं कुणालाच सांगता येत नाही, म्हणून तुला लिहिते. डॉक्टर म्हणतात, वजन का उतरतंय कळत नाही. लेक समोर असली की मी म्हणते, तू जेव, मी गोळी घेऊन बसते. आज ती कॉलेजला गेल्यावर ताट वाढून घेतलं, भात कालवला आणि डावा हात ताटापर्यंत नेला. तिथून मागं घेतला. दार बंद होतं आई, घरात मी एकटीच होते.