तासभर आधी एक गोळी

काष्टी,
ता. १४ फेब्रुवारी १९७१

सौ. कलाक्का हिला धाकट्या भागीरथीचा वाकून नमस्कार.

तुझी कंबर आता उठूबसू देत असेल. दाजींना थंडी बाधली नसेल, पोरं शाळेत जात असतील. इकडे आम्ही सगळे खुशाल, असं लिहायची रीत आहे म्हणून लिहिते. मी खुशाल नाही. राही खुशाल आहे. (राही म्हणजे माझी धाकटी जाऊ. आमच्या बाळूच्या जावळाला तू तिला पाहिलंस आणि मला ऐकू येईल एवढ्या आवाजात म्हणालीस, "किती गुणाची गं." ते मी अजून विसरलेले नाही.)

मला गाडी लागते हे तुला ठाऊक आहे. एस्टीचा नुसता धूर नाकात गेला तरी पोटात ढवळतं. राहीला काही होत नाही. खिडकीची जागा ती मला देते, आपण शेंगा सोलत बसते आणि वर विचारते, "जाऊबाई, लिंबू देऊ का?" सासूबाई गेल्यापासून घरात थोरली मी, पण नगरला कापड घ्यायला राही जाते, दौंडच्या लग्नात आहेर करायला राही जाते. मामंजी म्हणतात, भागीरथीला कशाला त्रास. माझा त्रास वाचवता वाचवता तिनं चार वर्षांत निम्मा जिल्हा पाहिला.

अशात आमच्या चांगुणासाठी कर्जतचं स्थळ आलं. मुलाचं घरदार बघायला बायांपैकी कोण जाणार, तर घरात सगळ्यांनी राहीकडे बघितलं. (चांगुणानंसुद्धा. सख्खी नणंद, आणि तिच्या वेण्या मी घातल्यात.) मी म्हटलं, मी येणार. मामंजींनी मग ह्यांच्याबरोबर आम्हा दोघींनाही न्यायचं ठरवलं.

मी गुपचूप डॉक्टरांकडे गेले. त्यांनी सहा गोळ्या पुडीत बांधून दिल्या आणि शाळेतल्यासारखं समजावलं. गाडीत बसायच्या तासभर आधी एकच गोळी. लागलीच तर दुसरी आठ तासांनी, त्याआधी नाही. झोप येते, म्हणून त्या दिवशी विहिरीवर आणि चुलीपाशी जपून. लेकरांना आपल्या मनानं द्यायची नाही. मग विचारलं, दिवस गेलेत का, दुसरं काही औषध चालू आहे का. मी दोन्हीला मान हलवून नाही म्हटलं. दिवस खरंच गेलेले नव्हते. पण खोकल्याचं औषध चालू होतं. आमच्या ह्यांच्यासाठी आणलेल्या बाटलीतलं मी चोरून पीत होते, ते कुठे सांगत बसू?

निघायच्या दिवशी तासभर आधी राही माझ्याच पुढ्यात बसून भाकरी बांधत होती. तिच्यादेखत गोळी घेतली असती, तर जाऊबाईंना औषधाशिवाय जमत नाही हे तिला कळलं असतं. म्हणून थांबले. गाडी आली, तेव्हा पदराआड तोंड करून गिळली. अर्थात तिचा गुण यायच्या आधी श्रीगोंदा आलं आणि माझं पोट गळ्याशी आलं. राहीनं लिंबू पुढे केलं. अक्का, ते लिंबू मी घेतलं असतं तर पुढचं काहीच झालं नसतं. मी दुसरी गोळी घेतली. पुढे खडीच्या रस्त्याला राही खिडकीबाहेर बोट दाखवून ह्यांना म्हणाली, "भावजी, तिकडं हरणं हायेत बघा." हे बघायला लागले. मी तिसरी घेतली. वर सकाळचं खोकल्याचं औषध होतंच.

कर्जतला उतरले तेव्हा ओकारी नव्हती, हे खरं. पायही नव्हते. तोंड इतकं कोरडं पडलं की जीभ टाळूला चिकटली. मुलाची आई साळूबाई, तिला मी विचारलं, तुमच्या विहिरीला पाणी किती. तिनं सांगितलं. मी परत विचारलं. तिसऱ्यांदा विचारताना मी तिच्याच खांद्यावर मान टाकली, एवढं मला आठवतं. पुढचं सगळं ऐकलेलं आहे.

पुरुषमंडळी घाबरली. कुणी म्हणालं कांदा हुंगवा, कुणी म्हणालं बाहेरचं असेल. राहीनं माझी पिशवी उलटी केली, पुडी काढली, वरचं अक्षर साळूबाईंच्या मुलाकडून वाचून घेतलं आणि म्हणाली, "सहाच्या तीन ऱ्हायल्यात. खोकल्याचंबी घेत्यात त्या, मला ठावं हाय." (म्हणजे तिला ठाऊक होतं. सगळं ठाऊक होतं.) मुलगा सायकलवर जाऊन डॉक्टरांना घेऊन आला. त्यांनी डोळे पाहिले, नाडी पाहिली, राहीला दहा प्रश्न विचारले. म्हणाले, किती आणि काय घेतलं ते कळलं म्हणून बरं झालं. कुशीवर निजवा, श्वासाकडे लक्ष ठेवा, क्षणभरही एकटं सोडू नका. हाक मारून जागी होईना तर लगेच बोलवा. आज गोळी नको, खोकल्याचं औषधही नको.

मी चार तास झोपले. राही उशाशी, साळूबाई पायथ्याशी. आणि तो मुलगा, कानिफनाथ त्याचं नाव, पाहुणी जागी होईतोवर जेवायला बसला नाही म्हणतात. स्वतः बाज सावलीत ओढली, दर थोड्या वेळानं दारात येऊन विचारून गेला. मामंजींनी तिथेच ठरवलं, परक्या बाईसाठी जे घर एवढं करतं तिथे आपली पोर सुखात राहील. सुपारी फुटली. मी उठले तेव्हा पेढे वाटून झाले होते आणि मुलगा त्यांच्याकडच्या पाव्हण्यांना सोडायला स्टँडवर गेला होता, आम्ही निघेतोवर मला दिसला नाही. कर्जतला गेलेल्या सगळ्यांनी जावई पाहिला, अक्का. मी सोडून. आता चांगुणा रात्रंदिवस विचारते, दिसायला कसा आहे, आणि उत्तर राही देते.

तुझी,
भागीरथी

ता. क. : मुख्य लिहायचं राहिलं. चैत्रात तुमच्या गल्लीतल्या बायका गाडी करून वणीला जाणार आणि एक जागा रिकामी आहे, असं कळलं. ती मला ठेव. राहीला ह्यातलं काही कळवू नकोस.

ता. क. दुसरा : पाकीट टाकायला मामंजींकडे दिलं, तर म्हणाले, कशाला, राहीनं परवाच माझ्याकडून नगरला कलाक्कांना कार्ड लिहून घेतलंय. पाकीट परत घेतलं आणि कार्डात काय होतं ते विचारलं. तिनं लिहवलंय की वणीची जागा थोरल्या बाईंना द्या, त्यांनी काही पाहिलेलं नाही, गोळी निघायच्या तासभर आधी तुम्ही स्वतः द्या, एकच द्या आणि पुडी तुमच्याजवळ ठेवा. अक्का, आता मी हिच्यावर जळू तरी कशी, ते उलटटपाली कळव.