तक्रार मागे घेण्याचा अधिकार

२४ फेब्रुवारी, सोमवार
लिफ्टचं काम शिकायला गेलेली आमची नात चहा करायला शिकली. अंधेरीच्या कंपनीने रुचिराला अप्रेंटिस म्हणून घेतलंन आणि बसवलंन टेबलावर. फोन उचल, साहेबाला चहा दे. पोरं मात्र मशीन रूममध्ये. वर्षाअखेर परीक्षा — लिफ्टचं मशीन खोलून जोडून दाखवायचं. ही काय दाखवणार, गाळणी? घरी चहा मागितला तर म्हणते, "आजी, आज मला सुट्टी."

३ मार्च, सोमवार
रुचिराने सरकारात तक्रार केलीय. आधी म्हणे अशा कंपन्यांना जाब विचारायचा अधिकार दिल्लीला होता. आता दिल्लीने कायद्याचा कागद काढून तो मुलुंडच्या ऑफिसातल्या बाईंना दिलाय. पोराला दुसऱ्या कंपनीत हलवायचं तरी त्याच हलवणार. रुचिराने दोनदा वाचून दाखवलं. म्हटलं, कळलं गो. नाव वरच्यांचं, काम खालच्यांनी करायचं. आपल्याकडे आमची सून तेजल तेच करते. ती आतून म्हणाली, "ऐकतेय हां, आई."

७ मार्च, शुक्रवार
कंपनीच्या साहेबाचा नितेशला फोन. तक्रार मागे घ्या, नाहीतर मुलीच्या नोकरीचं विसरा. माझा लेक सोसायटीच्या मीटिंगमध्ये सगळ्यांवर ओरडतो. फोनवर नुसतं "हो सर, हो सर". रुचिरा सतराची, म्हणून सही बापाची लागते. पण तिला सांगायची हिंमत नाही. तिच्याशी फक्त क्रिकेटवर बोलतो.

१० मार्च, सोमवार
मुलुंडच्या ऑफिसात तक्रारीची सुनावणी सतरा तारखेला. आणि नितेश चालला गावी शिमग्याला. पालखी घरी येते तेव्हा घरचा माणूस दारात हवा, ते खरं. पण इतक्या घाईने तो स्वतःच्या लग्नालाही निघाला नव्हता.
"आई, तू जा. तुझं ऐकते ती."
कागद लिहून दिलान — पालक म्हणून माझ्या वतीने आई निर्णय घेईल, सही करील. म्हटलं, तक्रार मागे घ्यायची ते लिही की.
"ते कशाला लिहायचं? तुला माहितीय ना."
रुचिरा वाचेल, ही भीती.

१७ मार्च, सोमवार
मुलुंडला जाऊन आलो. बाई तरुण आहेत. कागद नीट वाचलान. म्हणाल्या, "आजी, यात निर्णय तुमच्यावर सोडलाय. तक्रार मागे घेताय?"
साहेब शेजारी बसून माझ्या वतीने मान डोलवत होता. रुचिरा भिंतीकडे बघत होती. बापाचा फोन तिनेही ऐकलेला.
चौथीपर्यंत शिकलेय मी. सही करायला वेळ लागतो. सगळे थांबले.

१८ मार्च, मंगळवार
नितेशचा गावाहून फोन. "झालं ना, आई?"
झालं, म्हटलं. बाईंनी तिला घाटकोपरच्या कंपनीत हलवलंय. लिफ्टच्या कामावर. बदलीच्या कागदावर तुझ्या वतीने सही केली मी.
मागे पालखीचे ढोल वाजत होते. हळूच म्हणाला, "तिला सांग, मीच तसं करायला सांगितलं होतं."
म्हटलं, कालच सांगून टाकलंय.